थंडीत ट्रक सकाळी स्टार्ट का होत नाही, आणि सावद्याहून उत्तरेला निघण्याआधी काय काय बघायचं

डिसेंबर लागला की जळगाव जिल्ह्यात सावदा, रावेर, फैजपूरकडे रोज पहाटे एक आवाज हमखास ऐकू येतो, रात्रभर भरून उभी असलेली केळीची गाडी घर्र… घर्र… करत असते आणि काही केल्या उठत नाही. मग चार जण जमा होतात. एक म्हणतो बॅटरी बसली, दुसरा म्हणतो हीटर (स्टार्ट करायच्या आधी आतली हवा तापवतो तो) गेला असेल, तिसरा म्हणतो थोडं रॉकेल टाक भो, आणि ड्रायव्हर सगळ्यांचं ऐकत सेल्फ मारत राहतो, मारत राहतो, शेवटी जी बॅटरी बसलेली नव्हती ती पण बसते. मी इतकी वर्षं केळीच्या गाड्या घेऊन दिल्ली, पंजाब, जम्मू करतोय आणि हे दरवर्षी बघतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. कारण गाडी सकाळी उठली नाही की नुसता वेळ जात नाही, मागे दहा-पंधरा टन केळी असते आणि तिला पण १३ अंशांच्या खाली चरका बसतो, साल काळी पडते, मग मंडीत भाव कोण देणार.

आधी इंजिन पेटतं कसं ते समजून घेऊ, कारण ते समजलं की बाकी सगळं आपोआप कळतं. पेट्रोलच्या गाडीत प्लग ठिणगी देतो. डिझेलमध्ये ठिणगी नाहीच. पिस्टन वर येताना हवा दाबतो, दाबली की हवा तापते (पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या हेडला हात लावून बघा, चटका बसतो, तेच हे), आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा मारतो, तो आपोआप पेटतो. डिझेल आपोआप पेटायला साधारण २१० ते २५० अंश लागतात. ट्रकच्या इंजिनात हवा सोळा-सतरा पट दाबली जाते. बाहेर ३५ अंश असतील तर मोटा हिशोब केला तर दाबल्यावर हवा साडेपाचशे अंशांच्या आसपास जाते, म्हणजे भरपूर शिल्लक आहे. बाहेर उणे १० असेल तर तीच हवा सव्वाचारशेच्या आसपास जाते. आता तुम्ही म्हणाल की सव्वाचारशे पण पुरेसे आहेत, मग अडचण कुठे आहे?

अडचण ही आहे की हा हिशोब हवा जोरात आणि पटकन दाबली तरचा आहे. सकाळी इंजिनचं लोखंड गारठलेलं असतं, ते हवेची गरमी ओढून घेतं. ऑईल घट्ट असतं, बॅटरी मंद असते, त्यामुळे इंजिन हळू फिरतं, हळू फिरलं की हवेला थंड व्हायला वेळ मिळतो आणि पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने निसटायला पण वेळ मिळतो. ह्या सगळ्यात सव्वाचारशेचे पावणेतीनशे, अडीचशे कधी होतात कळत नाही, आणि तिथे डिझेल पेटायची हद्द येऊन लागते. म्हणून थंडीत गाडी स्टार्ट करणं म्हणजे गरमी वाचवणं आणि इंजिन जोरात फिरवणं, ह्या दोनच गोष्टी. तिसरी गोष्ट म्हणजे डिझेल नोझलपर्यंत पोहोचलं पाहिजे. उत्तरेला आपल्या गाड्या जास्त करून ह्या तिसऱ्याच गोष्टीने अडकतात.

म्हणून गाडी उठत नसेल तर स्पॅनर हातात घ्यायच्या आधी ऐका आणि सायलेन्सरकडे बघा. इंजिन रडत रडत, हळू फिरतंय, तर दोष बॅटरी, केबल, सेल्फ किंवा ऑईलचा. इंजिन छान जोरात फिरतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, पण पकडत नाही, तर डिझेल पोहोचतंय पण गरमी कमी पडतेय, तो पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेलच आहे. आणि इंजिन जोरात फिरतंय पण धूरच नाही, काहीच नाही, तर डिझेल पोहोचतच नाही, फिल्टर जाम आहे नाहीतर लाईनने हवा घेतलीय. एवढं ओळखता आलं तरी अर्धं काम झालं, मग जमलेल्या चार जणांचं ऐकायची गरज पडत नाही.

आता बॅटरी. ह्यावर जरा जास्त लिहितो कारण आपल्याकडे, म्हणजे खान्देशात, नव्वद टक्के भानगड हीच असते असं माझं मत आहे. धुळ्याला पारा सहा-सातवर येतो, सातपुड्यात तोरणमाळला, अक्कलकुव्याच्या डाबकडे दवबिंदू गोठतात, पण जळगाव-भुसावळला दहा-बारा अंश म्हणजे डिझेल इंजिनासाठी काही मोठी थंडी नाही. तरी गाड्या अडकतात. का? कारण बॅटरी आपल्याकडे मे महिन्यात मरते. भुसावळला ४५ अंश, वर इंजिनची धग, त्यात बॅटरीचं पाणी उडतं, प्लेटा सडतात, पण उन्हाळ्यात इंजिन मऊ फिरतं म्हणून अर्धमेली बॅटरी पण गाडी उचलते आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. थंडी पडली की तिचं खरं रूप दिसतं. शून्य अंशाला चांगली बॅटरी पण साधारण दोन-तृतीयांश ताकद देते, उणे १८ ला निम्मी किंवा त्याहून कमी, आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. दोन्हीकडून मार.

ट्रकला २४ व्होल्ट, म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून. रात्रभर उभ्या गाडीवर एकेक बॅटरी वेगळी मोजा, १२.६ च्या पुढे असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ वर आली तर जवळजवळ रिकामी. मीटर दोनशे-तीनशे रुपयात मिळतो, प्रत्येक गाडीत पाहिजेच. पण नुसतं उभं मोजून पण फसतो माणूस. क्लीनरला सेल्फ मारायला सांगा आणि फिरताना मोजा, एकेक बॅटरी साडेनऊच्या खाली गेली तर ती बॅटरी हिमाचल-काश्मीरला नेऊ नका, इथेच बदला. पाणी टाकायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर घालून ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, बघा, १.२६ च्या आसपास सगळे सेल पाहिजेत, पाच सेल सारखे आणि एकच खाली असेल तर ती गेली. आणि एक चूक सगळे करतात, मी पण केलीय, दोनातली एकच बॅटरी खराब म्हणून एकच नवी टाकतात. जुनी जोडीदार नवीला पण खाली ओढते, सहा महिन्यात दोन्ही जातात. जोडी बदलायची तर जोडीच बदला.

अजून एक, ही गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी उणे पन्नासच्या खालीच गोठते, म्हणजे आपल्यासाठी ती गोठतच नाही. पण रिकामी बॅटरी उणे आठच्या आसपास गोठू शकते, कारण तिच्यातलं ॲसिड उतरून जवळपास पाणीच राहिलेलं असतं. गोठली की डबा फुगतो, प्लेटा वाकतात. अशा गोठलेल्या बॅटरीला जंप द्यायचा नाही आणि चार्जरला पण लावायची नाही, फुटते. आधी तिला गरम जागेत येऊ द्या.

केबलचं बघा. टर्मिनलवर ती पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर आधी मायनस काढा, मग प्लस, कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. आणि चेसिसची अर्थिंगची पट्टी, तिच्याकडे कोणीच बघत नाही. मागच्या वर्षी आमच्या एका गाडीला मेकॅनिकने सेल्फ खोलला, नवीन ब्रश टाकले, तीन हजार घेतले, गाडी तशीच रडत होती. शेवटी मी आडवा होऊन बघितलं तर अर्थिंगच्या बोल्टखाली गंज बसलेला, पॉलिश पेपरने घासून आवळला आणि गाडी एका सेल्फमध्ये उचलली.

सेल्फ मारायचा तो दहा-पंधरा सेकंद, त्याच्यापुढे नाही. मग एक-दोन मिनिटं थांबायचं. सलग मारलं तर सेल्फ जळतो आणि बॅटरीला सावरायला वेळ मिळत नाही. सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबा, कारण नाहीतर गिअरबॉक्समधलं थिजलेलं ऑईल पण इंजिनालाच घुसळावं लागतं, फुकटचं ओझं. दिवे, पंखा, टेप सगळं बंद.

इंजिन ऑईल. आपल्याकडे जवळपास सगळे १५डब्ल्यू-४० टाकतात आणि खान्देशाला ते एकदम बरोबर आहे. पण डब्यावरचा डब्ल्यू म्हणजे विंटर, हे लिहिलेलं असून कोणी वाचत नाही. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ते थंडीत पातळ राहतं. १५डब्ल्यूच्या ऑईलची थंडीत इंजिन फिरवायची परीक्षा उणे २० ला घेतात, १०डब्ल्यूची उणे २५ ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला. म्हणजे जम्मू, श्रीनगर, मनालीपर्यंत १५डब्ल्यू चालून जातं, जरा जड फिरतं एवढंच. द्रास, कारगिल, लेहला मुक्काम असेल तर गाडीचं पुस्तक उघडून कंपनीने थंडीसाठी कुठला ग्रेड लिहिलाय तो बघा, मनाने बदलू नका. आणि ऑईल जुनं असेल, काजळीने काळंकुट्ट झालं असेल तर ते डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा बरंच जास्त घट्ट झालेलं असतं, म्हणून लांब उत्तरेच्या फेरीच्या आधी बदली करून घ्या, फेरीच्या नंतर नाही.

आता डिझेल थिजण्याचं. थिजतं हाच शब्द बरोबर आहे, गोठतं नाही. घरात तुपाचा डबा बघा, आईच्या खोबरेल तेलाची बाटली बघा, उन्हाळ्यात पाण्यासारखं आणि डिसेंबरात चमचा रुतत नाही. डिझेलमध्ये पण तसंच एक मेण विरघळलेलं असतं, पॅराफिन. ते वाईट नाही, उलट तेच चांगलं पेटतं. पण थंडी वाढली की त्या मेणाचे बारीक बारीक कण सुटे व्हायला लागतात आणि डिझेल धुरकट दिसतं, त्याला क्लाऊड पॉईंट म्हणतात. अजून थंडी वाढली की ते कण फिल्टरच्या कागदावर साचतात, फिल्टर जाम होतो. अजून खाली गेलं तर सगळं डिझेलच वाहायचं थांबतं. लक्षात घ्या, गाडी दुसऱ्याच पायरीवर बंद पडते, टाकीतलं डिझेल हलवून बघितलं तर अजून पातळच दिसतं, म्हणून ड्रायव्हरला वाटतं डिझेल तर चांगलंय, पंप गेला असेल.

सरकारी मानक आहे, आयएस १४६०, त्याच्यात हे सगळं लिहून ठेवलंय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हिवाळा धरलाय, त्या डिझेलने निदान ६ अंशांपर्यंत फिल्टर जाम न करता गेलं पाहिजे. बाकीच्या महिन्यांच्या डिझेलला ती मर्यादा १८ अंश आहे. अठरा! प्रत्यक्षात डिझेल बऱ्याचदा ह्याहून चांगलं असतं, पण हमी तेवढीच. आता ह्याचा आपल्यासाठी अर्थ काय ते बघा. एक, धुळे-जळगावच्या थंडीत पंपावरचं ताजं डिझेल थिजायची भीती जवळजवळ नाही. दोन, शेतात ट्रॅक्टरसाठी एप्रिल-मेमध्ये ड्रम भरून ठेवलाय आणि जानेवारीत तोच वापरताय, तर ते उन्हाळी डिझेल आहे, त्याची सहा अंशाची हमी कोणी दिलेली नाही. आणि तीन, मार्च महिन्यात इकडे ऊन तापायला लागलं म्हणून टाकी फुल्ल करून मनाली किंवा श्रीनगर गाठलं तर तिकडे रात्री अजून शून्याखाली असतं आणि तुमच्या टाकीत अठरा अंशवालं डिझेल असू शकतं. माझ्या ओळखीतल्या दोन गाड्या डिसेंबरात नाही, मार्चमध्येच अडकल्यात.

माझी स्वतःची गाडी अडकली ती जानेवारीत. चिल्लई कलान चालू होतं, म्हणजे काश्मीरमधले २१ डिसेंबरपासूनचे ते चाळीस दिवस जेव्हा सगळ्यात कडक थंडी असते. डिझेल मी ग्वाल्हेरच्या पुढे ओळखीच्या पंपावर टाकी फुल्ल करून घेतलेलं, मनात एकच की वाटेत परत थांबायला नको. काझीगुंडला रात्री गाडी लावली. सकाळी सेल्फ एकदम कडक, पहिल्याच झटक्यात स्टार्ट, मी खुश. दोन मिनिटं चालली, आवाज खाली-वर व्हायला लागला आणि बंद. परत स्टार्ट केली, वीस सेकंदात बंद. मग नुसता सेल्फ फिरतोय, धूर पण नाही. लाईनमध्ये जेवढं डिझेल होतं तेवढं संपलं होतं. बाजूला एक म्हातारे सरदारजी ड्रायव्हर होते, ते आले, काही न विचारता म्हणाले फिल्टर खोल. खोलला. आतला कागद हाताने दाबला तर बोटांवर पांढरट पिवळसर मेण आलं, अगदी डालड्यासारखं, आणि बोटांच्या गरमीने तिथल्या तिथे वितळून परत डिझेल झालं. ते बघितल्यावर मला कुठलं पुस्तक वाचायची गरज राहिली नाही.

त्यांनी जे केलं तेच आजही करायचं असतं. नवीन फिल्टर टाकला, ढाब्यावरून गरम पाणी आणलं, जुनं पोतं त्यात भिजवून फिल्टरच्या बॉडीला आणि टाकीतून निघणाऱ्या पाईपला गुंडाळलं, थंड झालं की परत गरम पाणी, असं पाऊण तास. वायरिंगवर पाणी जाऊ दिलं नाही. मग डिझेल लाईनवरच्या हातपंपाने आत गेलेली हवा काढली आणि ऊन चढल्यावर गाडी उठली. गाडी एकदा चालू राहिली की इंजिनकडून परत टाकीत येणारं डिझेल थोडं गरम असतं, ते हळूहळू टाकीला सावरून घेतं. पण त्याच सकाळी चार गाड्या सोडून एकाने टायरचे तुकडे पेटवून टाकीखाली ठेवले, जुनी पद्धत, आपल्याकडे पण लोक पऱ्हाटी (कापसाच्या वाळलेल्या काड्या) पेटवून ऑईल चेंबर शेकतात. त्याचा ब्रेकच्या हवेचा नायलॉन पाईप वितळला, नशीब की आग तेवढ्यावरच राहिली. आजच्या गाड्यांना खाली सगळीकडे प्लास्टिक पाईप, वायरिंग, सेन्सर आहेत. विस्तव गाडीखाली न्यायचा नाही म्हणजे नाहीच.

म्हणून माझा नियम आता साधा आहे. खालचं डिझेल वर घेऊन जायचं नाही. टाकी अशा हिशोबाने भरायची की डोंगर चढताना ती कमी होत आलेली असेल, आणि जिथे थंडी आहे तिथल्याच गर्दीच्या पंपावर, रात्री मुक्कामाच्या आधी, पूर्ण भरायची. पंपवाल्याला विचारायचं की थंडीचं डिझेल आहे का, ते लोक रोजच त्यात असतात, बरोबर सांगतात. लडाखसाठी तर इंडियन ऑईलने नोव्हेंबर २०१९ मध्ये वेगळं विंटर ग्रेड डिझेल काढलं, पानिपत रिफायनरीचं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं. तिकडे जाताना तेच घ्या. थिजू न देणारं औषध बाटलीत मिळतं, ते पण चालतं, पण ते डिझेल धुरकट व्हायच्या आधी टाकीत जायला पाहिजे. मेण एकदा सुटल्यावर बाटली ओतून काही होत नाही, आणि लोक नेमकं तेव्हाच ओततात.

रॉकेलचं. आमच्या धुळ्याच्या मामांना सांगितलं की आता रॉकेल टाकत नाही तर म्हणाले, "काब्र रे भो, आम्ही तं जनमभर टाकं!" खरं आहे, टाकत होते, आणि जुन्या पंपाच्या गाड्यांना ते बऱ्यापैकी पचत होतं, रॉकेलमध्ये मेण कमी म्हणून डिझेल खरंच उशिरा थिजतं. पण १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाड्यांचा कॉमन रेल, म्हणजे डिझेल जबर दाबाने नोझलला देणारा, पंप सोळाशे-दोन हजार बारच्या दाबावर चालतो आणि त्याला वंगण म्हणून डिझेलच लागतं, वेगळं ऑईल नसतं. रॉकेल कोरडं असतं. पंप घासतो, त्याची चमकी नोझलमध्ये जाते, आणि खर्च लाखाच्या घरात जातो. शिवाय रेशनचं रॉकेल गाडीत टाकणं गुन्हा आहे ते वेगळंच. पेट्रोल मिसळायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाला परत काही विचारू नका.

डिझेलमधलं पाणी हा वेगळा आजार. टाकी अर्धी रिकामी ठेवून रात्री गाडी लावली की आतल्या हवेतली वाफ टाकीच्या थंड पत्र्यावर जमते, पाणी होऊन खाली बसतं, शून्याखाली त्याचा बर्फ होतो आणि पाईपच्या तोंडाशी अडकतो. म्हणून रात्री टाकी भरलेली बरी आणि सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करतो त्या डब्याच्या) खालचा कॉक रोज सोडून पाणी काढायचं, स्वच्छ डिझेल यायला लागेपर्यंत. हे काम संध्याकाळी इंजिन गरम असताना करा, सकाळी ते पाणी गोठलेलं असेल तर निघणारच नाही.

आणि हवा घेण्याचं पण इथेच सांगतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाईप ओढतो, ढकलत नाही, म्हणून तिथे चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. थंडीत रबर आकसतं, उन्हाळ्यात घट्ट असलेला क्लॅम्प सैल होतो. रात्रीतून डिझेल टाकीत उतरून जातं आणि सकाळी लाईन रिकामी. खाली एक थेंब दिसत नाही म्हणून कोणाला शंका येत नाही. फेरीच्या आधी हे पाईप बोटांनी वाकवून बघा, कडक झालेले, भेगा पडलेले असतील तर बदला, शे-दोनशेचं काम आहे.

रेडिएटरमध्ये साधं पाणी घेऊन शून्याखाली जाणं म्हणजे इंजिन गमावणं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, बीडाचा ब्लॉक त्याला थांबवू शकत नाही, तडा जातो. आपल्याकडे बरेच जण उन्हाळ्यात रेडिएटर गळला की ढाब्यावरचं पाणी ओतत जातात, कूलंटचा रंग तेवढा हिरवा दिसत राहतो पण आत पाणीच असतं. अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर ठेवलं तर उणे ३७ पर्यंत चिंता नाही. जास्त कूलंट म्हणजे जास्त चांगलं असं पण नाही, नुसतं शंभर टक्के कूलंट उणे १३ च्या आसपासच गोठतं. बोअरचं पाणी तर कधीच नको, आपलं पाणी जड आहे, क्षार बसतो.

ॲडब्लू, म्हणजे धूर साफ करायला बीएस-६ गाड्यांना वेगळ्या टाकीत लागतं ते युरियाचं पाणी, उणे ११ ला गोठतं. घाबरू नका. इंजिन त्याच्याशिवाय स्टार्ट होतं, गाडी गरम झाली की टाकीतला हीटर ते वितळवतो. त्यात गरम पाणी किंवा कूलंट टाकायचं नाही, आणि टाकी तोंडापर्यंत भरायची नाही, कारण ते पण गोठताना फुगतं.

हीटर काही गाड्यांना असतो, काहींना नसतोच. असेल तर चावी अर्धी फिरवल्यावर मीटरवर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह येतं, ते विझेपर्यंत थांबा. ते विझायच्या आत सेल्फ मारणारे ड्रायव्हर मी रोज बघतो. जास्त थंडीत एकदा विझल्यावर चावी बंद करून परत एकदा तापवा, मग सेल्फ मारा. आणि हीटरवाल्या गाडीत गाडी झटकन पेटावी म्हणून मारतात तो ईथरचा स्प्रे हवेच्या पाईपमध्ये कधी मारू नका, लालभडक हीटरवर ईथर पडला की पाईपमध्येच भडका होतो.

गाडी उठली की लगेच रेस नाही. थंड ऑईल टर्बोपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात रेस दिली तर टर्बोचं बेअरिंग कोरडं फिरतं. तीन ते पाच मिनिटं हलक्या आयडलवर, ऑईलचा काटा वर आला, ब्रेकची हवा भरली, की हळूहळू निघायचं आणि पहिले पाच-सात किलोमीटर बेताने चालवायची. अर्धा तास उभी गरम करत ठेवायची गरज नाही, उलट थंड आयडलवर डिझेल पूर्ण जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुतं. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांमधलं पाणी मात्र रोज संध्याकाळी दोरी ओढून काढा, ते व्हॉल्व्हमध्ये गोठलं तर सकाळी ब्रेक सुटत नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे लागत नाहीत.

आणि रात्री केबिनमध्ये सिगडी घेऊन झोपू नका. काचा बंद, कोळसा पेटलेला, धूर दिसत नाही म्हणून माणूस निवांत झोपतो आणि कार्बन मोनॉक्साइडने उठतच नाही. दोन गोधड्या जास्त घ्या, ढाब्यावर खाट घ्या, शंभर-दोनशे रुपये जाऊ द्या.

मी दसऱ्याला गाडीची पूजा झाली की त्याच आठवड्यात बॅटरी, कूलंट, पाईप बघून घेतो, कारण दिवाळीनंतर गॅरेजला नंबर लागत नाही. केबिनमागच्या पेटीत डिझेलचे दोन फिल्टर, फिल्टर खोलायचा पट्टा, मीटर, जाड जंप केबल, जुनं पोतं आणि रिकामी पाच लिटरची कॅन एवढं वर्षभर पडून असतं. क्लीनर नवीन असेल तर निघायच्या आधी इथेच, सावद्याला, उजेडात, त्याच्याकडून एकदा फिल्टर खोलून बसवून घेतो आणि हातपंप मारून हवा काढायला लावतो. तिकडे पहाटे चारला, टॉर्चच्या उजेडात, सुन्न बोटांनी ते पहिल्यांदा करायचं म्हटलं तर वॉशर खाली पडतो आणि बर्फात सापडत नाही.